कै. राजनंदिनी

मी एक जुनी, बसक्या आवाजाची घाटी आहे, मित्रांनो. घाटी म्हणजे म्हशीच्या गळ्यात बांधायची पितळेची घंटा. मुंबईकडं या शब्दानं माणसांना हिणवतात असं ऐकलंय. हिणवू देत बापडे. मी जन्मानंच घाटी आहे, मला कसली लाज? माझ्या पोटात लोखंडाची जीभ आहे. म्हैस हलली की जीभ हलते आणि जीभ हलली की मी बोलते. म्हणजे बोलणं माझ्या हातात कधीच नव्हतं. त्यात मधे बरेच दिवस माझी जीभ फडक्यानं बांधून ठेवली होती. त्या दिवसांत काय घडलं ते तुम्हांला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मोडकी समई, फुटका तांब्या, कुणाच्या लग्नातली चेपलेली कळशी, असलं जुनं पितळ वितळवून त्यानं मला ओतलं. माझ्याबरोबरच्या घाट्या वाजवून बघितल्या तेव्हा सगळ्या कशा किणकिणल्या. माझी पाळी आली आणि माझ्यातून निघालं, ‘ठण्ण!’ ओतारी म्हणाला, “हिचा घसा बसलाय की रं!” झालं, मला दुकानात मागच्या खिळ्याला टांगलं. गिऱ्हाइकं यायची आणि नाजूक आवाजाच्या माझ्या बहिणींना घेऊन जायची. मला कुणी हात लावायचं नाही. फार वाईट वाटायचं हो.

मग एक दिवस चिमणाबाई आल्या. शुक्रवार पेठेत त्यांचा आणि आकाराम आबांचा म्हशींचा गोठा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दुकानातल्या सगळ्या घाट्या वाजवायला लावल्या. माझा आवाज ऐकल्यावर डोळे उघडले. “हीच द्या,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या सगळ्या सारख्याच वाजत्यात. आमची म्हस कुठं हाय त्ये मला चुलीपाशी बसून कळलं पायजे.”

अशी मी राजनंदिनीच्या गळ्यात आले. नाव ऐकून हसू नका. तेव्हा ती एवढीशी रेडी होती, लटपटत चालायची. आबांनीसुद्धा बायकोची थट्टा केली होती. “अगं, नाव म्हशीचं ठेवतीस का म्हाराणीचं?” तर चिमणाबाई म्हणाल्या, “दूध प्यालासा की तुमीच म्हनशीला, म्हाराणीच हाय!” लाडानं तिला नंदी म्हणायचे. चिमणाबाईंच्या पदराच्या गाठीत कायम गुळाचा खडा असायचा. नंदी नाक खुपसून ती गाठ शोधायची, आणि तिची मान खाली गेली की मी ‘ठण्ण’ करायची. म्हणजे गूळ खाल्ल्याची वर्दी सगळ्या गल्लीला मीच द्यायची.

काय दिवस होते ते! संध्याकाळी आम्ही गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचो. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाचा पेला माणूस उभ्याउभ्या पितो. तालमीतली पोरं यायची, नव्यानं लग्न झालेली जोडपी यायची, परगावचे पाहुणे यायचे. मी वळणावर आहे तोवरच माणसं म्हणायची, “आली बघ नंदी!” लक्षात घ्या मित्रांनो, ती अजून दिसलेली नसायची. नुसती मी ऐकू आलेली असायची. ज्या आवाजापायी मला मागच्या खिळ्याला टांगलं होतं त्याच आवाजाला माणसं आता कान लावून बसायची.

आणि दिवाळीचा पाडवा! त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. नंदीची शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं लावायची, पायात तोडे, कपाळाला गोंडे. आबा मोटारसायकलवर पुढं, आणि मागून नंदी चौखूर उधळलेली. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या नुसत्या! म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात म्हणतात. त्या दिवशी तर मोरपिसांसकट जड नसायची. मी एवढी ओरडायची की संध्याकाळपर्यंत माझंच अंग दुखायचं.

मग एका वर्षी चिमणाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. खरोखरच्या गेल्या, देवाघरी. आबांनी केरबा पेंटरकडून त्यांचं मोठं चित्र रंगवून घेतलं. त्याखाली पिवळ्या रंगात वळणदार अक्षरं होती, ‘कै. चिमणाबाई’. कै. म्हणजे कैलासवासी हे तुम्हांला शाळेत शिकवलं असेलच. चित्राला चंदनाचा हार चढला. त्या दिवसापासून गुळाचा खडा आबांच्या सदऱ्याच्या खिशात आला. आबा मूळचे फार बोलणारे नव्हेत. पण धार काढताना नंदीशी हळूहळू बोलत बसायचे. “आज तुझी मालकीन असती तर...” असं सुरू करायचे आणि पुढचं नंदीला माहीत असल्यासारखं सोडून द्यायचे. मी दोघांच्या मधे लोंबकळत ऐकायची.

पुढं गल्लीतली जुनी घरं पाडायचं ठरलं. तिथं इमारत होणार होती. आबांचा मुलगा ऋतुराज आणि सून अनुजा यांनी गावाबाहेरच्या बाजूला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. बाकीच्या म्हशी गल्लीतल्या गवळ्यांनी घेतल्या. नंदीला मात्र आबा कुणाला द्यायला तयार होईनात. शेवटी नेसरीच्या तानाबाईचं नाव निघालं. तानाबाई म्हणजे चिमणाबाईंची मामेबहीण, शेतात राहणारी. तिच्याकडं नंदी घरच्यासारखी राहील असं ठरलं.

आषाढात टेम्पो आला. आबांच्या घरात एक रीत होती. जनावर दुसऱ्याला दिलं तरी त्याचं दावं आणि घाटी द्यायची नाही, गोठ्याची बरकत जाते म्हणे. आबांनी मला तिच्या गळ्यातून सोडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीला तिच्या अंगाची ऊब नव्हती. टेम्पो सुरू झाला, आबांचा हात हलला आणि मी त्यांच्या मुठीत वाजले. टेम्पोत उभ्या असलेल्या नंदीनं मान वळवून बघितलं. तिला वाटलं असेल, मी इथं आहे म्हणजे तीही इथंच आहे, तिला उगीच कुठंतरी चढवलंय. वळणावर टेम्पो दिसेनासा झाला तरी तिचं हंबरणं ऐकू येत होतं.

फ्लॅटच्या गॅलरीत मला खिळ्याला टांगलं. पुन्हा खिळा! पहाटे धारेच्या वेळेला आबांना आपोआप जाग यायची. ते गॅलरीत येऊन मला एकदा हलवायचे. एकदाच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, साखरझोपेत माझा आवाज कुणाला गोड लागणार? ऋतुराजनं फडक्याची चिंधी घेतली आणि माझी जीभ गुंडाळून घट्ट बांधली. “आबा, लोकांची झोपमोड व्हती वो,” एवढंच तो म्हणाला. आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आले, मला हलवलं, आणि मी नुसती ‘थप्प’ केली. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचीच इतकी चीड आली म्हणून सांगू!

नेसरीहून तानाबाईचा फोन आला की आबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. “मला काय सांगू नगा,” म्हणायचे. “दिल्या जनावराची चौकशी करू ने. त्याचा पाय तिकडं ठरत न्हाय.” बोलायचे असं, आणि पिशवीतल्या दुधाचा चहा अर्धा टाकून द्यायचे. अनुजा त्यांचे सदरे धुवायला काढायची तेव्हा खिशाला मुंग्या लागलेल्या असायच्या. खिशात गुळाचा खडा असायचा. म्हैस गेली तरी आबांचा हात रोज सकाळी गुळाच्या डब्याकडं जात होता.

दिवाळीचा पाडवा आला. रस्त्यावरून मोटारसायकलींचे आवाज येत होते, शिट्ट्या येत होत्या. आबा दार लावून बसले. अनुजा गॅलरीत माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि डोळे पुसू लागली. ती शाळेत शिकवते, शहरात वाढलेली. म्हशीच्या जवळ जायला सुरुवातीला भ्यायची. पण माणूस ओळखण्यात हुशार. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी आपल्या कुत्र्याचं मोठं चित्र काढून घेतलं होतं. तिच्या मनात आलं, आबांची पंच्याहत्तरी जवळ आलीय, त्यांना राजनंदिनीचं तसं चित्र द्यावं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, चित्राशेजारी ते शोभेल.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मला खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं. आबांनी विचारलंच, “घाटी कुठं चालवलीस?” चित्राचं गुपित राखायचं म्हणून ती म्हणाली, “घासून आणते आबा.” तशी आबा घाईघाईनं म्हणाले, “घासू नगंस गं. वास हाय तिला.”  “नाही घासत, कडी तेवढी नीट करून आणते,” म्हणून अनुजा बाहेर पडली.

केरबा पेंटरचं दुकान तुम्ही बघायला हवं होतं. एकेकाळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता भिंतीवर एका बाजूला टोप्या-फेट्यातली कैलासवासी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला जिभा बाहेर काढलेली कुत्री. “या वैनी,” केरबा म्हणाला. “हल्ली मानसांपरास कुत्र्यांचीच चित्रं जास्त असत्यात. मांजर काढलं, पोपट काढला. म्हस पयलीच बघा!”

अनुजानं फोनमधले फोटो दाखवले. केरबा खूश झाला. “काय म्हस हाय वो! आता कुठं असती?”

“गेली हो ती,” अनुजा फोटोवरून बोट फिरवत म्हणाली. “आखाडात गेली.”

“अरारारा! कशानं?”

“टेम्पोनं.”

केरबानं हातातला ब्रश खाली ठेवला. “आबांच्या म्होरंच?”

“समोरच उभे होते. तेव्हापासून धड जेवत नाहीत.”

“मुक्या जनावराचं लई वाईट वाटतं,” केरबा म्हणाला. “बरं, खाली नाव कसं घालायचं?”

“आईंच्या फोटोखाली आहे ना, अगदी तसंच. तशीच अक्षरं, तशीच फ्रेम. शेजारी लावायचंय.”

आता बोला! मी तिथंच स्टुलावर होते. अनुजा खोटं एक अक्षर बोलली नव्हती आणि केरबानंही एक अक्षर चुकीचं ऐकलं नव्हतं. पण ती सांगत होती एक आणि त्याला कळत होतं भलतंच. ‘अरे बाबा, गेली म्हणजे नेसरीला गेली!’ एवढं एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. जिला हा घोळ कळत होता तिची, म्हणजे माझी, जीभ फडक्यात बांधलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फोटो सगळे पाडव्याचे होते. मोरपिसं, गोंडे, रंगवलेली शिंगं. काही फोटोंत तर ऋतुराजची नवी मोटारसायकल पूर्ण आणि नंदी अर्धीच. केरबानं मान हलवली. “ही नटलेली झाली. रोजची कशी दिसायची?”  एवढ्या वर्षांत रोजच्या नंदीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. रोज दिसणाऱ्याचा फोटो कोण काढतं? मग ती घरी जाऊन आबांना आडूनआडून विचारून आली, आणि केरबाला सांगताना तिचा चेहरा उजळला होता. “आबा संध्याकाळभर बोलत होते हो! डावं शिंग टोकाशी वाकडं, लहानपणी गोठ्याच्या दारात अडकलं होतं. कपाळावर पांढरे केस, पण थोडेच, पीठ सांडल्यासारखे. आणि उजवा कान सारखा हलायचा.” आबा इतकं बोलले हेच तिला चित्रापेक्षा मोठं वाटत होतं.

मी केरबाच्या स्टुलावर बसून राहिले. गळ्यातली घाटी हुबेहूब यायला हवी म्हणून त्यानं मला ठेवून घेतलं होतं. पांढऱ्या कापडावर आधी काळी पाठ आली, मग मान, मग ते वाकडं शिंग. मला रोज वाटायचं, आज ती मान हलवेल. आरशात बघावं तशी मी त्या चित्रातल्या गळ्यात मला बघत होते आणि तिचा मला असा हेवा वाटत होता! ती चित्रातली मी कायम नंदीच्या गळ्यात राहणार होती. खरी मी इथं रंगाच्या डब्यांत, तिच्या उबेवाचून. टर्पेंटाइनच्या वासात माझ्या अंगावरचा तिचा वास मरून जाईल की काय, या भीतीनं मी अर्धी झाले होते.

डोळे केरबानं शेवटी ठेवले. “डोळं शेवटाला,” तो शेजाऱ्याला सांगायचा, “गणपती असू दे न्हायतर म्हस.” त्यानं काळ्या डोळ्याच्या कडेला ओलसर पांढरी रेघ ओढली आणि नंदी माझ्याकडं बघू लागली. खरं सांगते, मला हंबरडा फोडावासा वाटला. मग त्यानं पिवळा रंग घेतला. आयुष्यभर ती अक्षरं काढून हात असा सरावलेला की विचार करायची गरजच नाही. क, त्यावर दोन मात्रा, एक टिंब. ‘कै. राजनंदिनी’.

पंच्याहत्तरीचा दिवस उजाडला. सकाळी औक्षण झालं. अनुजानं आदल्या दिवशी कागदात गुंडाळलेलं चित्र आणलं होतं, आणि खुंटीला अडकवलेल्या तिच्या पिशवीत मी होते. ऋतुराजनं कागद फाडला. आबा उभे होते ते पुढं झाले. त्यांनी चित्रातल्या कपाळावरच्या पांढऱ्या केसांवर बोट ठेवलं. “अगं नंदे,” ते म्हणाले आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडं गेला.

मग त्यांची नजर खाली आली. आबा एकेक अक्षर लावून वाचतात. त्यांचे ओठ हलले आणि पहिल्याच अक्षराशी थांबले. त्यांनी वर भिंतीवरच्या चिमणाबाईंच्या नावाकडं बघितलं, मग पुन्हा खाली बघितलं.

“कवा गेली?” त्यांनी विचारलं.

अनुजा गोंधळली. “आबा, आखाडात नाही का, तुम्हीच तर चढवलीत टेम्पोत.”

“त्ये न्हवं. मला का न्हाई सांगितलासा?” आबा अगदी हळू बोलले. “वाडदिवसापातूर लपवून ठेवलासा व्हय? पोरी, मी काय ल्हान हाय?”

तेव्हा कुठं तिला ते अक्षर दिसलं. सासूबाईंच्या चित्राखाली रोज बघून तिच्या डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की चित्र घेताना तिला काही खटकलंच नव्हतं. तिनं कपाळावर हात मारला. “अहो आबा, पेंटरची चूक आहे ही! नंदी चांगली आहे, परवाच तानामावशींचा फोन आलेला!”

“मग लाव आत्ता.”

लावला. तानाबाईचा फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ऋतुराजनं चिडून केरबाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून केरबा ओरडला, “आवं, तुमच्या मिसेसनीच सांगितलं की! टेम्पोनं गेली म्हनून!”

आबा चित्राकडं वळले. “टेम्पो उलटला व्हय वाटंत?”

आता सांगेल त्याचं त्यांना खोटंच वाटणार होतं. ज्यानं कधी चौकशीच केली नाही, त्याला बातमी खरी की खोटी हे कळणार कशावरून? आणि मित्रांनो, मलाही कुठं ठाऊक होतं? पंधरा दिवस मी केरबावर मनातल्या मनात चडफडत होते, पण आता वाटू लागलं, त्यालाच काही खरं कळलं असलं तर? घाटीचा जीव तसाही टांगणीलाच असतो. त्या दिवशी तो तुटायची वेळ आली. आबांनी अनुजाच्या पिशवीतून मला काढलं, पायात चपला सरकवल्या आणि ते दाराबाहेर पडले. ऋतुराज म्हणाला, “आबा, रविवारी गाडी काढू की.” आबा जिना उतरलेसुद्धा होते. अनुजानं पर्स घेतली आणि औक्षणाचं तबक तसंच ठेवून ती मागोमाग धावली.

एसटी स्टँडवर चंदगडची गाडी लागली होती. वाटेत नेसरी लागतं. आबा खिडकीशी बसले, मी त्यांच्या मांडीवर.  अनुजा दोनदा म्हणाली, “आबा, पाणी प्या.” त्यांनी मान हलवली. माझ्या जिभेवरच्या चिंधीची गाठ त्यांच्या बोटाखाली होती. ते ती सोडायला जायचे आणि थांबायचे. मला कळत होतं. वाजवलं आणि पलीकडून कुणी आलंच नाही तर, ही भीती होती ती.

तानाबाईचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा घराकडं न जाता आधी गोठ्याकडं वळले. गोठा रिकामा होता. खुंटा होता, वैरण होती, म्हैस नव्हती. आबा खुंट्याकडं बघत उभे राहिले.

आतून तानाबाईचा आवाज आला, “कोन पावणं?” मग ती पदराला हात पुसत बाहेर आली. “अगो बाई, दाजी! आनि सूनबाई बी! फोन तरी करायचासा.”

आबांनी विचारलं, “नंदी?”

“नंदी व्हय? गेली की!”

आबा तिथंच खाली बसले. शेणामातीत, पंच्याहत्तरीच्या नव्या धोतरानं. मी त्यांच्या हातातून घरंगळले. अनुजानं ओरडूनच विचारलं, “मावशी, गेली म्हणजे कुठं गेली?”

“कुठं जानार? वढ्याला गेली डुंबाया,” तानाबाई म्हणाली. “आवं दाजी, असं का बसलासा? ईल की आता. रोजचंच हाय तिचं, चिखलातनं उठू वाटत न्हाय.”

अनुजा आधी हसली आणि मग ढसाढसा रडू लागली. आबांनी मला मातीतून उचललं. गाठ फार घट्ट होती. त्यांनी ती दातांनी सोडली आणि चिंधी उसात भिरकावली. मग उभे राहून हात वर केला आणि मला हलवलं.

‘ठण्ण!’

मित्रांनो, काय सांगू! मलाच माझा आवाज ओळखू येईना. गंजल्यासारखा, आधीपेक्षाही बसका. पण ओढ्याच्या बाजूनं हंबरण्याचा आवाज आला. आबांनी पुन्हा वाजवलं. बांधावरची झुडपं हलली, आणि ती आली. अंगभर चिखल, डावं शिंग टोकाशी वाकडं, गळ्यात कुठलीशी नवी किणकिणणारी घाटी. ती पळत आली ती पाडव्याला पळायची तशीच. आबांना आता तुडवते की काय असं अनुजाला वाटलं. पण नंदी जवळ येऊन थांबली, फुसफुसली, आणि तिनं ओलं नाक सरळ आबांच्या सदऱ्याच्या खिशात खुपसलं.

खिशात गूळ होता. रोज असतो तसा.

आबा तिच्या मानेला मिठी मारून उभे राहिले. “जित्ती हाय माझी नंदी,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. तानाबाईला काही उमजेना. “मरंल कशाला?” ती म्हणाली. “उन्हाळ्यात विणार हाय ती!” मग तिचा आवाज जरा उतरला. “परत न्ह्यायला आलासा व्हय, दाजी?”

“कुठं न्हेऊ? तिसऱ्या मजल्यावर?” आबा म्हणाले. त्यांनी नंदीच्या गळ्यातली किणकिणणारी घाटी सोडली आणि तिथं मला बांधू लागले. तानाबाईनं त्यांचा हात धरला. “आवं, घाटी देत न्हाईत. बरकत जाती म्हनत हुती की आमची चिमाक्का.”

“गोठ्याची बरकत गोठ्यातच ऱ्हायला पायजे,” आबा म्हणाले. “माझा गोठा आता ह्योच.” आणि त्यांनी गाठ मारली.

चिखलानं थंड झालेली कातडी होती, पण आत ऊब तीच होती. मी तिच्या गळ्याला टेकले आणि माझ्या मनातलं सगळं ओझं उतरलं. एवढं सुख पदरात पडलं, आणि त्याच वेळी आबा शेवटच्या गाडीसाठी निघाले. त्यांचा हात माझ्यावरून सुटला तेव्हा मला कळलं, आता मी नंदीची झाले आणि आबांना दुरावले. दोन्ही एका वेळी मिळायचं माझ्या नशिबात नाही. ते बांधावरून दिसेनासे होईपर्यंत नंदी तिकडंच बघत होती आणि मी वाजत होते.

ते चित्र कोल्हापुरात चिमणाबाईंच्या शेजारीच लावलंय. अनुजा येते तेव्हा तानाबाईला सगळं सांगते, म्हणून मला ठाऊक. केरबा लाजून घरी आला होता, पहिलं अक्षर नीट पुसून देतो म्हणाला. आबांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतःच टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ते पुसलं. तिथं पिवळट डाग राहिलाय. “ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “ध्यानात ऱ्हाईल.” हार मात्र चित्राला नाही. पिशवीतल्या दुधाचा चहा ते अजूनही कुरकुर करत पितात, पण पितात.

जमेल तेव्हा ते चंदगडच्या गाडीनं येतात. येणं होत नाही तेव्हा संध्याकाळी तानाबाई फोन घेऊन बांधावर चढते, कारण घरात फोन लागत नाही. ती तो नंदीच्या कानाशी धरते.  पलीकडून आवाज येतो, “नंदे.” नंदी रवंथ थांबवते, उजवा कान हलवते, आणि त्या हालचालीनं मी एकदा वाजते. आबा पलीकडं ऐकतात. मला त्यांच्या मुठीची आठवण येते आणि मी गप्प होते.

मित्रांनो, मी साधी घाटी, मला शहाणपण शिकवता येत नाही. पण एवढं माझं ऐका. तुमच्या घरातलंही कुणीतरी कुठंतरी गेलं असेल. गावाकडं, दुसऱ्या शहरात, कुणाच्या तरी आधाराला. घरातली माणसं हळूहळू त्याच्याबद्दल ‘होता’, ‘होती’ असं बोलू लागतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कुणी ‘गेली’ म्हणालं की नुसती मान हलवू नका. कुठं गेली ते विचारा. आणि ओढ्यापर्यंतच गेली असली, तर जाऊन हाक मारा. ती अजून येते.